खंडेनवमीला धुतलेले पट्टे

"आत्या, हात लावू नका. एक मिनिट. आधी फोटो काढते."

केतकी मोबाइल घेऊन दारात उभी होती आणि मी स्टुलावर. माझ्या खांद्यावर सात पट्टे आधीच पडले होते, आठवा हातात होता.

"कशाचा फोटो?"

"भिंतीचा. तुम्ही सगळ्या चिंध्या सोडणार, पट्टे धुणार, परत बांधणार. कुठली चिंधी कुठं होती त्याची नोंद नको?"

"नोंद हाय." मी कपाळावर बोट ठेवलं. "हितं."

"आता एकवीस कुत्री आहेत, आत्या. पहिल्यासारखी सात नाहीत."

"तुझ्या लग्नात कुणी काय आहेर आणला, सांगू? तुझ्या मामानं आणलेल्या स्टीलच्या डब्याचं झाकण बसत नव्हतं, तेपण सांगते."

केतकीचे कान लाल झाले. तरी तिनं मोबाइल खाली घेतला नाही. ती माझी सून, तिचं हट्टाचं माप माझ्याएवढंच.

"देवाचं काम हाय," मी म्हटलं. "त्यात फोटोबिटो नको. जा, पुरणाला आच जास्त झालीय, वास येतोय."

वास येत नव्हता. पण ती गेली.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. त्या भिंतीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचे हे फौजेत कुत्र्यांना शिकवायच्या युनिटात हवालदार होते. पेन्शन घेऊन आल्यावर साताऱ्याबाहेर कोरेगाव रस्त्याला त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि लोकांची कुत्री शिकवायला घेतली. बस म्हटलं की बसायचं, थांब म्हटलं की थांबायचं, रस्त्यानं मालकाच्या गुडघ्याला धरून चालायचं. महिना, दोन महिने कुत्रं आमच्याकडं राहायचं आणि शहाणं होऊन घरी जायचं. हे गेल्यावर मुलानं, रणधीरनं, मैदान सांभाळलं. पण मैदान हे दिसणारं काम. न दिसणारं सगळं पहिल्या दिवसापासून माझ्याकडं. कुणाचं कुत्रं कधी येणार, कधी जाणार, कुणाचं इंजेक्शन कधी, कोण दहीभाताशिवाय तोंड लावत नाही, कोण ताटलीला हात लावला की चावतं, कुणाला गोळी, कुणाची मालकीण रोज संध्याकाळी फोन करून कुत्र्याचा आवाज ऐकव म्हणते. मी शाळा केली दुसरीपर्यंत, तीसुद्धा अर्धी. आकडे वाचते, सही करते, बाकी अक्षरं माझ्याकडं बघतात आणि मी त्यांच्याकडं.

म्हणून भिंत. एका पिंजऱ्याला एक खुंटी, खुंटीला त्या कुत्र्याचा पट्टा, पट्ट्याला जुन्या लुगड्याची चिंधी. लाल म्हणजे चावतो. काळी म्हणजे पळतो. हिरवी म्हणजे खाण्याचं वेगळं. पिवळी म्हणजे औषध, आणि औषधाची पुडी त्याच पिवळ्या चिंधीत बांधलेली. दारातून एक नजर टाकली की सगळा कारभार समोर. पंधरा वर्षं चाललं.

केतकी लग्नाआधी बारामतीला दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत बसायची. आल्या आल्या तिनं पन्नास कार्डं छापून आणली. वर कुत्र्याच्या फोटोला चौकोन, खाली रेघाच रेघा. मी ती लोणच्याच्या बरणीखाली घातली. फडताळाला तेलाचे डाग पडायचे, ते थांबले.

तर खंडेनवमी. त्या दिवशी सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर पुजतो, आम्ही पट्टे पुजतो. धुवायचे, वाळवायचे, हळदकुंकू लावायचं, नव्या चिंध्या बांधायच्या, आणि दसऱ्यापर्यंत कुठल्याही पट्ट्याला हात नाही. कुत्र्यांनाही त्या दिवशी शाळा नाही. ही रीत ह्यांनी घातलेली.

मी रिठ्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. सणाच्या सुट्टीला गावी निघालेली माणसं सकाळपासून फोनवर फोन करत होती. "आजी, जागा आहे का?" "आजी, आमचं पिल्लू गाडीत ओकतं, तुमच्याकडं ठेवू का?" फोन खांद्यात धरायचा, पट्टा पिळायचा, हो म्हणायचं. त्यातच पाव तासाच्या अंतरानं दोन गाड्या आल्या. दोन्हींतून काळे लॅब्राडोर उतरले. एक निवृत्त हेडमास्तर खैरमोडे सरांचा बादशा, दुसरा सदरबझारातल्या नव्या जोडप्याचा ऑस्कर. बादशा राहायला आला होता, ऑस्कर शिकायला. दोघांचे पट्टे काळे, नायलॉनचे. म्हटलं, आलेच आहेत तर हेही धुऊन टाकू. दोघांपैकी एकानं गोळ्यांची पुडी दिली आणि दोनदा बजावून सांगितलं. माझ्या कानाला फोन होता. मी मान हलवली आणि पुडी कमरेला खोचली.

दुपारी पट्टे वाळले. मी स्टुलावर चढून एकेक टांगला. तेरा नंबरच्या खुंटीवर बादशा, चौदावर ऑस्कर. चिंध्या बांधल्या, पुडी बांधली, हळदकुंकू वाहिलं. केतकी नैवेद्याचं ताट घेऊन आली, भिंतीच्या पाया पडली आणि ताट ठेवून गेली.

दसऱ्याला शाळा परत सुरू झाली. रणधीर ऑस्करवर एकदम खूश. "आई, असलं हुशार कुत्रं पाह्यलं नाय. बस म्हटलं की बसतंय, परत उठायचं नावच नाय." मी म्हटलं, "आपल्या मैदानाचं पाणीच तसलं हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रणधीर फलटणला कुणाच्या फार्मवर गेला. शेडवर आम्ही दोघीच. सकाळी अकराची वेळ. मी तांदूळ निवडत होते. केतकी किंचाळली.

"आत्या! तेरा नंबर!"

बादशा पिंजऱ्यात आडवा पडला होता. चारी पाय लाकडासारखे ताठ, मग धडधड हालायला लागले. तोंडातून फेस. डोकं लोखंडी दाराला आपटत होतं. केतकीनं दार उघडलं, ओढणी काढून त्याच्या डोक्याखाली सरकवली. मी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी नेली.

"आत्या, चप्पल नको. तोंडाजवळ हात नेऊ नका, चावेल, त्याला कळत नाहीये."

"मग बघत बसू?"

"हो. बघत बसायचं. आणि मोजायचं."

ती मोबाइलवर बघून सेकंद मोजत होती, दुसऱ्या हातानं माझ्या मोबाइलवरून इनामदार डॉक्टरीणबाईंना फोन लावत होती. फिट थांबली. बादशा धापा टाकत पडून राहिला. डोळे उघडे, पण आम्ही त्याला दिसत नव्हतो.

केतकीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"वय काय?" डॉक्टरीणबाई.

"अकरा."

"आधी कधी फिट आलीय? औषध चालू आहे काही?"

केतकीनं मान वळवून शेडच्या उघड्या दारातून भिंतीकडं पाहिलं. तेरा नंबरच्या खुंटीवर पट्टा, पट्ट्याला हळदीचं बोट, चिंधी कसलीच नाही.

"नाही मॅडम. औषध काही नाही. पहिलीच आहे."

"या वयात अचानक? काहीतरी खाल्लंय त्यानं. उंदराचं औषध टाकलंय का तुमच्याकडं?"

केतकीचा चेहरा उतरला. "नवरात्राआधी टाकलं होतं. धान्याच्या खोलीत."

"मग विषच. ऐक. मी निघते, वीस-पंचवीस मिनिटं लागतील. भूल देऊन पोट धुवावं लागेल. अकरा वर्षांचं कुत्रं आहे, भूल झेपेल न झेपेल, सांगता येत नाही. मालकाला विचारून ठेव. त्याचं हो पाहिजे."

खैरमोडे सर कोकणात लेकीकडं गेले होते. केतकीनं फोन लावला, लागला नाही. परत लावला, लागला नाही.

एवढ्या वेळात सगळी शेड उठली होती. कुत्र्याला कुत्र्याचं कळतं. बावीस पिंजऱ्यांत भुंकणं, दारावर उड्या, पत्रा दणाणत होता. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

बावीस नव्हते. एकवीस होते. चौदा नंबरात ऑस्कर झोपला होता. शेजारच्या पिंजऱ्यात एवढं रामायण चाललेलं आणि दोन वर्षांचं तरणं कुत्रं पोट वर करून घोरत होतं. त्याची जीभ बाजूला लोंबत होती.

मी भिंतीकडं पाहिलं. चौदावर पिवळी.

पुडी देणारा हात मला तेव्हा दिसला. तरुण पोराचा नव्हता. पांढरे केस असलेला, बोटात चांदीची अंगठी असलेला म्हातारा हात. "आजी, ह्याला फिट येतात. सकाळ-संध्याकाळ एक गोळी. एकदासुद्धा चुकवायची नाही. लिहून घेता का?" आणि माझाच आवाज, "माझ्याकडं लिहिलेलंच असतंय, सर."

गोळ्या द्यायचं काम केतकीचं. तिनं भिंत बघितली, चौदाची पुडी सोडली, भाकरीच्या तुकड्यात गोळी घातली आणि चौदाला दिली. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. खैरमोडे सर आले तेव्हा ती चुलीपाशी होती. तिला कळायचं कारणच नव्हतं.

मला कळलं होतं. एवढं कळून मी काय केलं, ते सांगते. मी पदर नीट केला.

"केतकी," मी म्हटलं, "त्या ऑस्करच्या पुडीतली एक गोळी देऊन बघू का ह्याला?"

तिनं फोनवरून डोकं वर केलं. "कुणाची?"

"ऑस्करची. फिटचीच असंल ती. असल्या पिवळ्या पुडीत फिटच्याच गोळ्या असत्यात."

"दुसऱ्या कुत्र्याची गोळी ह्याला? त्याच्या पोटात विष असताना? आत्या, काय बोलताय?"

"मला आपलं वाटलं."

"वाटून चालत नाही."

बादशाच्या पायांत परत थरथर सुरू झाली. दुसरी फिट. ही लांबली. केतकी मोजत होती, चाळीस, पन्नास, साठ, आणि तिचा आवाज फाटत चालला होता. डॉक्टरीणबाईंची गाडी अजून कुठल्या चौकात असेल कुणास ठाऊक. त्या आल्या की सुई भरणार, म्हाताऱ्या कुत्र्याला भूल देणार, नसलेलं विष काढणार. आणि त्यानंतर काही झालं तर ते विषानं झालं म्हणणार. भिंतीला कुणी काही विचारणार नाही. मला तर नाहीच. बादशा गेला असता आणि मी तशीच स्टुलावर चढून पट्टा उतरवला असता. हे सगळं मी तिथं उभी राहून बघितलं. खोटं कशाला सांगू, थोडा वेळ बघितलंच.

"केतकी," मी परत म्हटलं, "त्याला आधीपासूनच फिट येत असतील तर?"

"मग भिंतीवर पिवळी असती ना!" ती ओरडली नाही. रडवेल्या आवाजात, अगदी विश्वासानं बोलली. "भिंतीवर नाही म्हणजे नाही. तुमचं आजवर कधी चुकलंय का, आत्या?"

शिव्या दिल्या असत्या तर मी परतवल्या असत्या. शिव्या परतवणं मला येतं.

"चुकलंय," मी म्हटलं.

तिला ऐकू गेलं नसावं. कुत्री भुंकत होती.

"चुकलंय म्हणते! चौदाची पिवळी तेराची हाय. पुडी खैरमोडे सरांनी दिली होती. ह्याला फिट येतात. त्यांनी दोनदा सांगितलं. मी चुकीच्या पट्ट्याला बांधली. दोन दिवस गोळी ऑस्करच्या पोटात गेलीय, बघ, बघ तो कसा पडलाय!"

केतकीनं चौदा नंबरकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी वाट बघत होते. तिनं एवढंच केलं, फोन उचलला आणि नंबर दाबला.

"मॅडम, विष नाही. विष नाही! जुनी फिटची केस आहे. दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्यात. हो, खात्री आहे. नाव वाचते, थांबा." तिनं पळत जाऊन चौदाची पुडी तोडली आणि गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं. तिकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज शेडभर झाला, "अगं, मग हे आधी सांगायचं ना! मी भुलीचं सामान घेऊन निघालेय!"

केतकी म्हणाली, "हो, मॅडम. आत्ता कळलं."

डॉक्टरीणबाई आल्या. पोट धुतलं नाही, भूल दिली नाही. पायातल्या शिरेत एक इंजेक्शन हळूहळू सोडलं. बादशाचे पाय सैल झाले. त्याचा श्वास आधी तुटत आला, मग एकसारखा झाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. हात काढायला सांगितला तरी मी काढला नाही. मग त्यांनी ऑस्करलाही तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाल्या, "हा झोपून उठेल. ह्याला आजपासून गोळी नाही. चिंधी कुणी बांधली होती?"

"आमच्याकडून जरा..." केतकीनं सुरुवात केली.

"मी," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पेटी उचलली आणि गेल्या.

शेड गप्प झाली. केतकी पाण्याचा तांब्या घेऊन आली. आधी तिनं प्यायलं, मग मला दिलं. बोलायला मी तिला भरपूर वाव दिला. ती आपली ओढणी बघत होती, फेसानं भरलेली, एका बाजूला फाटलेली.

"बोल की," शेवटी मीच म्हटलं. "फोटो काढू दिला नाय म्हणून बोल."

"काय बोलू? सरांना फोन करायचाय. अजून लागत नाहीये."

"देवाचं काम म्हणून फोटो नको, असं मी म्हटलं होतं."

"हो."

"देवाचा काय संबंध नव्हता."

तिनं वर पाहिलं.

"श्रावणात लुसीला मी गोड भात घातला," मी म्हटलं. "गोड तिला चालत नाय. हिरवी चिंधी होती, पण हिरवी म्हणजे काय वेगळं, तेच मला आठवंना. विचारायचं कुणाला? घातला. तिनं सगळा सांडून ठेवला."

"आणि तुम्ही मला ओरडलात. भात कुणी सांडला म्हणून."

"ओरडले."

"दिवसभर."

"दिवसभर ओरडले. त्याआधी आषाढात एकाचा पट्टा दुसऱ्याच्या गळ्यात घालून घरी पाठवला. मालकाला कळलं नाय. तुला नाय, रणधीरलाही नाय. तू फोटो काढला असतास, तर ती भिंत आणि माझं डोकं शेजारी ठेवून कुणालाही बघता आलं असतं. कुठं जुळत नाय ते." तांब्यात पाणी उरलं नव्हतं, तरी मी तो तोंडाला लावला. "मला ते बघायचं नव्हतं."

 केतकी उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता बॅग भरते. ती फडताळाशी गेली होती. बरणी सरकवल्याचा आवाज आला. तेलकट कार्डांचा गठ्ठा तिनं फडक्यानं पुसत आणला, वरची चार-पाच फेकून दिली, आणि भिंतीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"सांगा," ती म्हणाली. "एक नंबरपासून."

मी सांगायला लागले. एक नंबर, कुत्री, चार वर्षांची, लाल, ताटलीला हात लावायचा नाही. दोन नंबर, पळतो, कुंपणाच्या डाव्या कोपऱ्यातून. तीन, पाच, सहा. माझं तोंड भराभर चाललं आणि केतकीचा हातही. नऊ नंबरच्या मालकिणीच्या सासूचं ऑपरेशन झालंय, तेसुद्धा मी सांगितलं. "ते नको," केतकी म्हणाली. "लिही," मी म्हटलं, "म्हणून तर ती संध्याकाळी फोन करत नाय, करते दुपारी." तिनं लिहिलं.

चार नंबर राहिला होता. मी त्याच्यावरून उडी मारून पुढं गेले होते. तिच्या ध्यानात आलं होतं. तसाच अकरा, सतरा, बावीस. तेविसांतले एकोणीस माझे होते. राहिलेल्या चारांच्या पट्ट्यांकडं मी बघत राहिले. चिंधी दिसत होती, रंग दिसत होता. त्यामागं काही नव्हतं.

चार कार्डं केतकीनं वेगळी ठेवली. त्यांच्यावर नाव टाकलं आणि खालच्या रेघा तशाच सोडल्या.

"ह्यांना फोन करून विचारू," ती म्हणाली. "मी करते. सांगते की रजिस्टर नवीन करतोय, म्हणून माहिती परत घेतोय."

चांगलं निमित्त होतं. असलं निमित्त मला सुचायला पाहिजे होतं, एवढ्या वर्षांत मी ह्याहून मोठी मोठी सांगितली होती. फोन तिच्या हातात होता. मी तो मागितला.

"आत्या, राहू दे. मी करते ना."

"दे. आकडे येतात मला."

चार नंबरच्या मालकिणीचा नंबर मी एकेक आकडा बघून दाबला. चार वेळा वाजल्यावर तिनं उचलला. मागं लग्नघरासारखा गोंगाट होता.

"काय हो आजी, सगळं ठीक ना? आमचा रॉकी?"

"रॉकी बरा हाय," मी म्हटलं. "बाई, ठेवून जाताना त्याचं तुम्ही मला काहीतरी सांगितलं होतं. मी विसरले."

 केतकी पेन हातात घेऊन माझ्याकडं बघत होती.

"अहो, असू दे, त्यात काय!" बाई म्हणाली आणि घाईघाईनं सांगायला लागली, डावा कान, थेंब, आंघोळीच्या दिवशी...

"सावकाश सांगा," मी म्हटलं. "माझी सून लिहून घेतीय."